टंच

कसबा बावड्यातल्या आमच्या पाणी-तपासणीच्या खोलीत
वजन चालू असलं की पंखा बंद.
चौथ्या दशांशाला वारा कळतो,
जवळ वाकलेल्याचा श्वासही.
नफिसा मुल्लाणी, नवीन, तिसराच आठवडा,
चमच्याला टिचकी मारत सिल्व्हर नायट्रेट पाडते
तीळ पडावेत तसं,
आणि थांबते:
२.३९५२

हिशेब वहीत मांडलाय, अक्षर सुरेख.
चांदी १०७.८७, नायट्रोजन चौदा,
तीन ऑक्सिजन मिळून अठ्ठेचाळीस,
बेरीज १६९.८७
गुणिले ०.०१४१, गुणिले एक लिटर.
उत्तराखाली दोन रेघा,
शाळेत मारायला शिकवतात तशा, पट्टी लावून.

"बाटली बघितलीस?"
"बघितली की, ताई."
"फिरवून?"

फिरवते. मागं मुंगीएवढ्या अक्षरांत
शुद्धता ९९.८ टक्के.
"पावशेर टक्कासुद्धा न्हाई," ती हसते,
"एवढ्यानं काय हुतंय?"

एवढ्यानं.

हुपरीला आमच्या पत्र्याच्या खोलीत
आप्पा फुंकणीनं ज्योत वाकवून पैंजणाच्या कड्या जोडत.
शेठ चांदीचा पाट तोलून द्यायचा,
माल तोलून घ्यायचा,
मधली घट ठरलेली, त्याच्यावर एक गुंजही नाही.
म्हणून रोज संध्याकाळी चटई झटकायची,
हात धुतलेलं पाणी घमेल्यात निवळू द्यायचं,
झोपायच्या आधी आई माझ्या फ्रॉकचा घेर
परातीवर धरून झाडायची.
आमच्या घरी झारेकऱ्याला कधी काही मिळालं नाही,
आम्हीच झारेकरी.

एका दिवाळीच्या तोंडावर वजन तंतोतंत भरलं
आणि टंच अर्ध्यानं कमी आला.
दोन किलोला दहा ग्रॅम.
शेठ बशीत चहा ओतत म्हणाला,
"बाबगोंडा, चांदी काय आपोआप तांबं होत न्हाई."
आप्पांनी फुंकणी पुसली. पुसतच राहिले.
संक्रांतीपर्यंत मजुरी कापून आली,
आणि गल्लीत आमच्याकडं बघायची एक नवी पद्धत.

पाट मुळातच अर्ध्यानं कमी असेल,
हे तेव्हा कुणाला सुचलं नाही.
आत येताना कुणी टंच काढला नव्हता,
शेठच्या चिठ्ठीवर लिहिलेलं तेच खरं.
मलाही हे नंतरच सुचलं,
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, भागाकार करताना.
पुरावा नाही.
चिठ्ठी कधीच चुलीत गेली, शेठही गेला.
आप्पांना सांगितलं तर म्हणाले,
"व्हय? आसंल," आणि रेडिओचा आवाज वाढवला.

"भाग," मी नफिसाला म्हणते,
"०.९९८ नं."
तिचे ओठ हलतात. २.४०००.
पावणेपाच मिलिग्रॅमच्या वर थोडं.
पुन्हा चमचा, पुन्हा टिचकी,
आम्ही दोघी श्वास धरून.
जास्त पडलं तर परत बाटलीत घालायचं नाही,
हे तिला ठाऊक आहे, म्हणून हात कापतोय.

मग फ्लास्क, फनेल, डिस्टिल्ड पाणी.
नळाचं असतं तर लगेच दुधाळलं असतं;
हे स्वच्छ राहतं,
दीड ग्रॅम चांदी आत असून दिसत नाही.
शेवटचे थेंब ड्रॉपरनं,
रेघेला पाण्याचं पोट टेकेस्तोवर,
डोळा रेघेच्या पातळीत, गुडघे वाकवून.

तिच्या बोटांवर उद्या काळे डाग उठतील.
साबणानं जाणार नाहीत, मी सांगत नाही.
माझे बघून आप्पा एकदा म्हणाले होते,
"तुला बी लागली व्हय गं, आमची चांदी?"

तपकिरी बाटलीवर ती चिठ्ठी चिकटवते:
नाव, तीव्रता, तारीख, सही.
शुद्धतेला छापील रकाना नाही.
कडेला, आडवं,
पेन मोडेल इतकं बारीक, ती लिहिते ९९.८,
आणि पंख्याचं बटण दाबते.

रंकाळ्याच्या सहा बाटल्या
सकाळपासून ओट्यावर आहेत.